जीपच्या दोन लिंका आणि दाजींचं खळं

१५ मार्च २००४, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलं, "चांगदेवराव, रक्तदाब वाढलाय. राग आला की ओरडायचं नाही, लिहून काढायचं." म्हणून ही डायरी. खताच्या दुकानातून फुकट आलेली, प्रत्येक पानाच्या तळाला युरियाचं पोतं छापलंय. "एवढ्या पानांत तुमचा राग बसायचा न्हाई," असं आमच्या ठकूबाई म्हणाल्या. पहिला राग बायकोवरच काढावा असं मनात आलं होतं, पण ती समोर शेंगा फोडत बसली होती आणि तिच्या हातात दगड होता.

आज आमच्या बेल्ह्याच्या बाजारात माझ्या बैलांपेक्षा लोकांनी माझी जीपच जास्त बघितली. गेल्या महिन्यात ती चार इंच उचलून घेतली ना! मढच्या पलीकडं डोंगरातल्या वाड्यांवर विकायला डांगी जातीचे गोऱ्हे बघायला जायचं तर जीपचं पोट दगडांना घासायचं आणि दर खेपेला काहीतरी सांडायचं, कधी ऑइल, कधी मी. आता ती अशी ताठ उभी राहते की बघत राहावं. एक जण तर तिचे दात बघायला निघाला होता.

पण परवा आळेफाट्याच्या वळणावर ती अशी कलली की ठकूबाई सरकत येऊन थेट माझ्या मांडीवर बसली. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या! समोरून येणाऱ्या एसटीतल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. पंचवीस वर्षांच्या संसारात असला प्रसंग आला नव्हता.

फाट्यावरच्या मेकॅनिकनं खाली वाकून बघितलं. तो म्हणाला, पुढच्या बाजूला एक आडवी कांब असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. जीप एका अंगाला कलायला लागली की ती कांब तिला सावरून धरते. कांबेची दोन टोकं खाली ॲक्सलला दोन टीचभर दांड्यांनी जोडलेली असतात, त्या लिंका. जीप चार इंच वर गेली आणि लिंका होत्या तेवढ्याच सहा इंचाच्या राहिल्या, म्हणून कांब खाली ओढली जाऊन एक लिंक मोडली. "नव्या लांब लिंका लागतील, पर त्ये माप माझ्या आवाक्यातलं न्हाई," म्हणून त्यानं हात झटकले.

ठकूबाई लगेच म्हणाली, "ओतूरला भरत म्हून लेथवाला हाय म्हणं. उचललेल्या गाड्यांचं त्योच करतो." हिला हे कुठनं कळलं कोण जाणे.

१६ मार्च, मंगळवार

ओतूरचं नाव काढलं की माझं डोकं सणकतं. कारण लिहून टाकतो, म्हणजे औषध लागू पडेल.

ओतूरला माझी थोरली बहीण दिलीय, कोंडाबाई, आमची आक्का. तिचा नवरा सावळाराम, म्हणजे आमचे दाजी. तीन वर्षांपूर्वी दाजींना बैलगाड्याच्या शर्यतीत पळवायला मी एक बैल दिला. बैल म्हणजे नुसतं सोनं. यात्रेत घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सुटला आणि अर्ध्या घाटात खाली बसला. बैल आहे, बसतो. मी तरी काय करू? तर दाजींनी निवेदकाच्या हातातला माइक हिसकून सगळ्या यात्रेला ऐकवलं, "मंडळी, ह्यो बैल आमच्या मेव्हण्यानं दिलाय. त्याच्यावरच गेलाय. खाल्लं की बसतो!" दहा गावची माणसं हसली. भेळवाला हसला. गाड्यापुढं पळणाऱ्या घोडीवरचा गडीसुद्धा हसत हसत घसरला.

त्याच दिवशी मी शपथ घेतली. दाजी स्वतः माझ्या दारात येऊन बोलावणार नाहीत तोवर त्यांचा उंबरा चढायचा नाही. आणि दाजी म्हणतात, "म्या जावई माणूस. जावयानं का म्हून जायचं मेव्हण्याच्या पाया पडायला?" झालं, तीन वर्षं गेली.

आक्काची पोरगी तेजस्विनी, आमची तेजू. तिच्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या आमच्याकडं गेल्या. माझ्या खांद्यावर बसून सगळा बाजार फिरायची आणि गिऱ्हाइकासमोर मोठ्यांदा विचारायची, "मामा, ह्यो म्हातारा बैल कालच तर आपन धुतला ना?" लई सौदे मोडले पोरीनं. तिलाही तीन वर्षांत भेटलो नाही. आमच्या पोटी लेकरू नाही, हे ह्या डायरीत लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

१८ मार्च, गुरुवार

ओतूरला गेलो, पण दाजींच्या घराच्या बाजूला मान वळवली नाही. ठकूबाई "जॅक धरायला" बरोबर आली. हिनं जन्मात जॅक बघितलेला नाही. पिशवीत कुरडया, पापड, सांडगे. कुणाला? तर भरतच्या आईला. "पयल्यांदा चाललो, रिकाम्या हातानं बरं दिसतं का?"

भरत तिशीतला, तोंडात सुपारी, बोलणं असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. त्यानं माझ्यापुढं तीन वाटा ठेवल्या. एक, साध्या लांब लिंका. मजबूत, पण दगडाधोंड्यात एक चाक वर चढलं की कांब दुसऱ्याला खाली टेकू देत नाही, मग जीप तीन पायांवर उभी. दोन, कांबच काढून टाकायची. मग डोंगरात जीप शेळीसारखी चढेल.

"आणि डांबरी रस्त्याला?" मी विचारलं.

"वैनी परत मांडीवर," भरत म्हणाला.

आता ही मांडीची गोष्ट ओतूरपर्यंत कुणी पोचवली? असो. तिसरी वाट पीनवाल्या लिंका. डोंगराच्या पायथ्याला पीन उपसायची, कांब मोकळी करून वर बांधून ठेवायची, परत डांबरीवर आलं की पीन घालायची. ठकूबाई एकदम म्हणाली, "पीनवाल्याच घ्या. काढता-घालता येत्यात त्या बऱ्या." तिला यातलं काय कळणार, पण माझंही मन तिकडंच होतं.

भरत म्हणाला, दोन आठवड्यांनी या. ठकूबाई मारुतीच्या पाया पडून येते म्हणून गेली ती कितीतरी वेळ आली नाही. आली तेव्हा पिशवी रिकामी, डोळे लाल. म्हणाली, कापराचा धूर गेला डोळ्यांत. त्या मारुतीला कापूर लावतात हे मला नवीनच.

२४ मार्च, बुधवार

आज घरात शिरलो तर ठकूबाई फोनवर कुजबुजत होती, "धा नगं रं, नऊच ठिव. म्हंजी परत यावं लागंल." मला बघून फोन ठेवला. विचारलं तर म्हणाली, शिंप्याला ब्लाउजच्या बाहीचं माप सांगत होते. नऊ इंचाची बाही? फॅशन असेल.

२ एप्रिल, शुक्रवार

भरतनं लिंका नऊ इंचाच्या केल्या. बसवल्या, आणि घरी येईपर्यंत जीप सगळ्या रस्त्यानं टकटक टकटक करत आली. बाया दारात येऊन बघत होत्या, कोण दार वाजवतंय म्हणून. म्हणजे आखूडच झाल्या. सहाची लिंक, चार इंच उचललेली जीप, दहा पाहिजेत हे दुसरीतलं पोर सांगेल. फोन करून भरतला असा झापला की डॉक्टरांची फी वाया गेली. तो शांतपणे म्हणाला, "चुकलं शेठ. परत या. वैनींनाबी घिऊन या, जॅक त्याच नीट धरत्यात."

ठकूबाई लगेच शेवया वळायला बसली. भरतच्या आईला आवडतात म्हणे.

१० एप्रिल, शनिवार

टपालानं पत्रिका आली. तेजूचं लग्न. ९ मे, सायंकाळी, दाजींच्या खळ्यावर. खाली मामा म्हणून माझं नाव छापलंय, पहिलंच, ठळक. न विचारता! हा कुठला न्याय? टपालानं बोलावणं हे बोलावणं नाही. लाइटचं बिलही टपालानंच येतं.

ठकूबाई म्हणाली, "अवं, पोरीच्या मागं मामा नगं का उभा ऱ्हायाला?"

ते मलाही कळतं. भटजींनी पुकारलं की मामानं नवरीला धरून आणायची आणि मंगलाष्टका होईस्तोवर तिच्या मागं उभं राहायचं, हा मामाचा मान. दुसऱ्या कुणाचा नाही. पण दाजींनी गावात सांगून ठेवलंय म्हणे, चांगदेव आला नाही तर नारायणगावचा चुलतमामा उभा करू. तो चुलतमामा! त्याला तेजू लहानपणी "जांभईवाले काका" म्हणायची. माणूस उभ्याउभ्या झोपतो.

मी ठकूबाईला ठणकावून सांगितलं, मी जाणार नाही. पत्रिका सात-आठदा वाचली, ती फक्त शुद्धलेखनाच्या चुका सापडतात का बघायला.

१४ एप्रिल, बुधवार

ह्या वेळी भरतवर भरवसा ठेवायचा नाही असं ठरवून मीच डोकं चालवलं. जीप जरा उजवीकडं झुकते, कारण उजवीकडं मी बसतो आणि माझं वजन आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आता तीस वर्षं मी बैलजोड्या लावतोय. जोडीत एका अंगाला भार जास्त असला तर तिकडचा बैल उंच घ्यायचा, हे बाजारात कुणालाही विचारा. म्हणून भरतला सांगितलं, डावी लिंक दहाची कर, उजवी अकराची.

भरत माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "शेठ, ह्या दोन लिंका हायेत, खिल्लारं न्हाईत. दोन्ही सारख्याच लागत्यात."

"तुला जेवढं सांगितलं तेवढं कर."

त्यानं ठकूबाईकडं बघितलं. ठकूबाई म्हणाली, "करा की त्ये म्हनत्यात तसं. बिघडलं तर येऊ परत." पहिल्यांदाच तिला माझ्या हुशारीची कदर वाटलेली दिसली.

१९ एप्रिल, सोमवार

आता जीप मी बसलो की सरळ आणि उतरलो की डावीकडं मान टाकून उभी. डाव्या वळणाला एक चाल, उजव्या वळणाला दुसरी. बाजारात भागू ठाकर भेटला, ज्याचे गोऱ्हे मी घेतो. जीपभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "शेट, खांदा सुजलाय हिचा. वझं कमी करा." पन्नास माणसांत. रक्तदाब किती झाला असेल देव जाणे.

२१ एप्रिल, बुधवार

परत ओतूर. भरत हसला नाही, एवढं मात्र मानलं पाहिजे. मागच्या खोलीत कुणीतरी बाई हसत होती, तोंड दाबून. आवाज अगदी आमच्या आक्कासारखा. आवाजाआवाजात साम्य असतं.

भरतनं नियम सांगितला. दोन्ही लिंका एका मापाच्या. आणि ते माप तोंडानं सांगून भागत नाही. जीप अगदी सपाट जमिनीवर उभी करायची, रोज जेवढी माणसं बसतात तेवढी बसवायची, मग कांब आडवी धरून तिच्या टोकापासून ॲक्सलपर्यंत जे अंतर भरेल तीच लिंकेची लांबी. त्याच्या गॅरेजची जमीन गटाराकडं उतरती आहे, म्हणून इथं माप चुकत राहणार; सपाट जागा मिळाली की फोन करतो म्हणाला. मग त्यानं टेप काढला आणि माझे खांदे मोजले, छाती मोजली, बाहीसुद्धा मोजली. म्हटलं हे काय? तर म्हणाला, "डायवरचा तोल काढावा लागतो, शेठ." डोक्याचा घेरही घेतला. किती बारकाईनं काम करतो पोरगा, मी उगाच त्याला नावं ठेवली.

२८ एप्रिल, बुधवार

डोंगरात जायला निघालो तर डाव्या लिंकेची पीन गायब. सगळं अंगण पालथं घातलं. संध्याकाळी पीन सापडली पिठाच्या डब्यात, तोवर डोंगराची खेप पुढच्या महिन्यावर गेली. उंदरानं नेली असणार. ठकूबाईच्या हाताला काळं ग्रीस लागलेलं दिसलं, ती म्हणाली शेवयाच्या यंत्राला तेल घालत होते. यंत्र तर गेल्या वर्षीच मोडलंय, पण मोडलेल्या वस्तूचीही काळजी घेते बिचारी.

१ मे, शनिवार

आळेफाट्याला गेलो होतो. दुकानात एक शालू दिसला, हिरवागार, लाल काठ. तेजूला हिरवा खुलतो. घेऊन टाकला. कुणाला द्यायचा म्हणून नाही. दुकानदार ओळखीचा, पाच मिनिटं उभं राहून काही न घेता कसं निघायचं?

कपाटात आतल्या बाजूला ठेवलाय. ठकूबाईला दाखवला नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर तो जांभईवाला तेजूच्या मागं उभा आहे असं सारखं डोळ्यांपुढं येत होतं. लाज वाटते लिहायला, पण उठून कपाटातला शालू दोनदा बघून आलो. तरी शपथ म्हणजे शपथ.

७ मे, शुक्रवार

भरतचा फोन. "शेठ, तुमच्या मापाला जागा मिळाली. पर ऐकून घ्या, मग वरडा." म्हणाला, अख्ख्या ओतुरात आता खळी राहिली नाहीत. लोकांनी सिमेंटचे ओटे केले, आणि ओट्याला पाणी वाहून जायला उतार ठेवतात. खरं सपाट खळं एकच उरलंय, सावळारामांचं. लग्नासाठी परवाच ते पाणी मारून, चोपून, सारवून काढलंय. "गोटी ठिवली तर जाग्यावर ऱ्हाती, शेठ. वरसातनं एकदाच एवढं सपाट आसतं. मांडव निघाला की पोरं ट्रॅक्टर घालून वाट लावतील."

मी म्हटलं, अरे, मी त्यांचा उंबरा चढणार नाही.

तो म्हणाला, "खळ्याला उंबरा कुठाय?"

फोन ठेवून बराच वेळ विचार केला. शपथ उंबऱ्याची होती, खळ्याची नव्हती. शिवाय जीपची चाकं खळ्यावर जातील, मी नाही. पाय लावायचाच नाही दाजींच्या जमिनीला. मंगळवारी डोंगरात जायचं ठरलंय, तोवर लिंका पाहिजेतच. मापाला वजन म्हणून पाच माणसं लागतील आणि लग्नाच्या दिवशी माणसांना तोटा नसतो, हेही भरतनंच सुचवलं. कामापुरतं जायचं आणि यायचं. ठकूबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, गाणं म्हणत.

१० मे, सोमवार

आज बाजाराला गेलो नाही. सगळं लिहून काढतो.

काल ठकूबाई पैठणी नेसून जीपमध्ये बसली. म्हटलं, वजनाला म्हणून चालली आहेस, पैठणी कशाला? तर म्हणाली, "मग तिचंबी वजन धरा की." नथसुद्धा घातली होती. शालूची पिशवी तिच्या मांडीवर होती. कपाटातून तिनं ती कधी काढली ते मला माहीत नाही.

मांडवाच्या मागच्या बाजूनं जीप खळ्यावर घेतली. भरतनं माझ्या दाराखाली पोतं अंथरून ठेवलं होतं. मी सीटवरून थेट पोत्यावर उतरलो आणि पोत्यासकट जीपखाली सरकलो. दाजींच्या जमिनीला बोटसुद्धा लागू दिलं नाही. वर बायका चढून बसत होत्या, बांगड्या वाजत होत्या, जीप हळूहळू खाली दबत होती. भरत म्हणाला, आणखी एक माणूस पुढं बसवतो. बसवलं. जीप अजून जराशी दबली. मी ओरडलो, "वर कुणी हलू नका गं!"

उजवीकडचं माप घेतलं. डावीकडचं टोक धरायला भरत पाहिजे, तर तो पाना आणायला म्हणून पसार. इकडं माइकवर भटजी पुकारायला लागले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." मी दात-ओठ खात पडलो होतो. पुन्हा पुकारलं. त्या जांभईवाल्याला कुणी उठवत का नाही, असं मनात आलं. मी ओरडलो, "अरे कुणीतरी डावीकडचा टेप धरा रे!"

डाव्या बाजूनं आधी कोऱ्या वहाणा दिसल्या. मग पांढरं धोतर. मग एक गुडघा टेकला, दुसरा टेकला, आणि गुलाबी फेटा सांभाळत, कण्हत कण्हत दाजी आडवे होऊन जीपखाली शिरले. टेपचं टोक धरलं.

मी म्हणालो, "बोट मधी येतंय तुमचं. सरळ धरा."

"म्या सरळच धरलाय. तूच तिरका हाईस, पयल्यापास्नं."

"किती आलं?"

"पावणेधा."

"माझ्याकडंबी पावणेदहाच आलंय."

वर एक बांगडी वाजली. मग दाजी म्हणाले, "चांगदेव, त्या दिवशी माइकवर बोललो, त्ये चुकलं माझं. लई मोठ्या तोंडानं बोललो. तुझी आक्का तीन वरीस माझ्याशी नीट बोलली न्हाई. आता हात जोडले असते, पर हातात टेप हाय."

मी म्हटलं, "तुमच्या धोतराला शेण लागलं, दाजी."

"लागू दे."

तेवढ्यात वरून, पुढच्या सीटवरून आवाज आला. "मामा."

मी म्हटलं, "तेजू? तू हितं काय करतीस? तुझं लगीन लागायचंय ना तिकडं!"

"मामा आणायला आल्याबिगर नवरी जाती व्हय? म्हून हितंच येऊन बसले." मग म्हणाली, "मामा, माझं वजन नको धरू मापात. माझ्याबिगर घे. उद्यापास्नं म्या न्हाई हितं."

जीपखाली उताणं पडून रडू नये. पाणी कानात जातं. पण रडलो, भरपूर रडलो, आणि शेजारी दाजीही हुंदके देत होते. टेप मात्र दोघांनीही सोडला नाही.

बाहेर आलो तेव्हा मी ग्रीसनं काळा आणि दाजी शेणानं हिरवे. भरत पाना विसरून नवा शर्ट आणि फेटा घेऊन उभा होता. शर्ट खांद्यात, बाहीत, छातीत तंतोतंत बसला. ओतूरचे शिंपी नुसत्या अंदाजानं काय शिवतात! फेटासुद्धा डोक्याला बेतून बांधलेला.

आक्कानं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि एक चापट मारली, जोरात. मी तेजूला खाली उतरवली, ठकूबाईनं हिरवा शालू तिच्या खांद्यावर टाकला. दोन्ही पाय दाजींच्या जमिनीवर भक्कम रोवून उभा राहिलो, शपथ कुठल्या कुठं गेली. माझे हात काळे म्हणून मी तिचा दंड धरायला कचरत होतो, तर तिनंच माझा हात ओढून घेतला. मंगलाष्टका संपेपर्यंत मी तिच्या मागं होतो. जांभईवाला पहिल्या रांगेत बसून घोरत होता.

घरी येताना ठकूबाईला म्हणालो, बघ कसा योगायोग असतो. लिंक मोडली नसती, भरत चुकला नसता, उंदरानं पीन नेली नसती, तर मी गेलोच नसतो. ती म्हणाली, "देवाची करनी." आणि तोंडाला पदर लावून फाट्यापर्यंत खोकत होती. पैठणीत उकडलं असेल.

१४ मे, शुक्रवार

लिंका न्यायला गेलो. भरतनं अजून दांड्या कापल्या नव्हत्या. म्हणाला, "शेठ, यकदा इचारून घेतो. त्या दिवशी सावळारामकाका बाहेर आल्यावर म्या परत माप घेतलं व्हतं, तेजू उतरल्यावर. धा भरलं. तुमच्या रोजच्या वजनाला धाच बरोबर. पावणेधा नवरीला धरून हाय. तर धाच करतो."

मी म्हटलं, पावणेदहा कर.

"पर ती बसनार न्हाई ना आता गाडीत. मग जीप पाव इंच वर ऱ्हाईल आन् कांब तेवढी खाली ओढली जाईल."

"मोडेल का?"

"मोडायची न्हाई. जराशी ताणलेली ऱ्हाईल, एवढंच."

"मग राहू दे. दिवाळीला येईल ती. तेव्हा बरोबर होईल."

भरत सुपारी थुंकून आला आणि दोन्ही दांड्या माझ्यासमोर पावणेदहावर कापल्या, एकीवर दुसरी ठेवून दाखवली, सुतानं फरक नाही. बसवल्या, पिना घातल्या. निघताना मी ठकूबाईसाठी पुढचं दार उघडलं. तिनं तेजू बसली होती त्या सीटवरची धूळ पदरानं पुसली आणि जाऊन मागं बसली. पुढची सीट बेल्ह्यापर्यंत रिकामीच आणली.